गुलाबांचे माळी डॉक्टर पाल

डॉक्टर बेंजामिन पियरी पाल हें नांव आपल्या घरांतून फारसें उच्चारलें जात नाहीं. ज्यांना तें ठाऊक आहे त्यांतील बहुतेकांना तें गव्हामुळें ठाऊक आहे. आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं, कारण या देशाच्या पोळीवर ज्यांचे उपकार आहेत अशा मोजक्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. परंतु सरकारी दप्तरांत ज्यांची नोंद गव्हाचे संशोधक म्हणून झाली, तेच डॉ. पाल हिंदुस्थानांतील गुलाबवेड्या मंडळींचे कुलगुरु होते. १४ सप्टेंबर १९८९ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, ते निवर्तले. आमच्या शाळेंत त्या वेळीं शास्त्राच्या मास्तरांना त्या बातमीनें गहू आठवला, आणि शाळेची बाग राखणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांना गुलाब आठवले. मी संस्कृताचा शिक्षक. मला दोन्हींतलें कांहीं कळत नव्हतें. पुढें निवृत्तीनंतर हाताला माती लागली, तेव्हां ड्रॉइंग मास्तर कां हळहळले होते तें हळूहळू समजूं लागलें. तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

डॉ. पाल ह्यांचा जन्म २६ मे १९०६ रोजीं पंजाबांतील मुकंदपूर गांवीं झाला. पण बाळपण गेलें तें ब्रह्मदेशांत. वडील तेथें वैद्यकीय खात्यांत नोकरीस होते. मेम्यो हें ब्रह्मदेशांतलें थंड हवेचें ठिकाण, आपल्या महाबळेश्वरासारखें, साहेबांनीं वसविलेलें. अशा ठिकाणीं साहेब गेला कीं त्याच्यामागून गुलाब जात असे. तेथल्या सेंट मायकेल शाळेंत हा मुलगा शिकला, आणि फुलें व चित्रें ह्या दोहोंचा छंद त्याला तेथेंच जडला. दोन्ही छंद त्यांनीं शेवटपर्यंत सोडले नाहींत. पुढें रंगून विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र, आणि तेथून केंब्रिज.

केंब्रिजला त्यांचे गुरु होते रोलंड बिफेन आणि फ्रँक एंगलडो. बिफेन ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती: गव्हाच्या एखाद्या जातीला पिवळा तांबेरा लागत नाहीं, हा गुण दैवयोगाचा नसून तो आईबापांकडून मेंडेलच्या नियमानें संततींत उतरतो. म्हणजे वधूवरांची योग्य निवड केली तर निरोगी संतति मिळवितां येते. आपल्या जुन्या माणसांना ह्यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. पण गव्हाच्या बाबतींत तें सिद्ध करावें लागलें, आणि पाल तीच विद्या घेऊन १९३३ सालीं बिहारांतील पुसा येथील शेतकी संशोधनसंस्थेंत रुजू झाले. दुसऱ्याच वर्षीं, १५ जानेवारी १९३४ रोजीं, बिहारचा तो भयंकर भूकंप झाला. पुसा येथील इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्यें संस्था दिल्लीस हलली. जागा बदलली तरी पुसा हें नांव संस्थेबरोबर दिल्लीस गेलें. तेंच आजहि चालू आहे.

तांबेरा म्हणजे काय हें देशावरच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. हिरवेंगार पीक ओंबीवर येतें, आणि चार दिवसांत पानांवर व काडीवर गंजासारखी भुकटी दिसूं लागते. धोतराला ती पूड लागते. दाणा भरत नाहीं, सुरकुततो. काळा, पिवळा आणि तपकिरी असे ह्याचे तीन प्रकार. आग्र्याचे प्रा. मेहता ह्यांनीं दीर्घ अभ्यासानें दाखविलें कीं, मैदानांतल्या उन्हाळ्यांत हा रोग तग धरीत नाहीं. तो डोंगराळ थंड प्रदेशांत दडून राहतो आणि वाऱ्यावर बसून पुन्हा खालीं येतो. १९४६-४७ च्या हंगामांत काळ्या तांबेऱ्यानें मध्य हिंदुस्थानांत गव्हाचा जो नाश केला त्याच्या आठवणी जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडीं पुष्कळ दिवस होत्या. येथें एक गोष्ट आपल्या अभिमानाची म्हणून सांगून ठेवतों. आपल्याकडचा खपली गहू, ज्याची खीर आपण आवडीनें खातों, तो काळ्या तांबेऱ्याला दाद देत नाहीं म्हणून अमेरिकेपर्यंत नांवाजला गेला, आणि तांबेऱ्याचे वाण ओळखण्यासाठीं तिकडच्या शास्त्रज्ञांनीं जे निवडक गहू कसोटीसाठीं ठेविले त्यांत तो जाऊन बसला.

पाल ह्यांनीं वर्षानुवर्षें खपून १९५४ सालीं एन. पी. ८०९ नांवाचा गहू दिला. तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा म्हणून त्याची ख्याति झाली. १९५० ते १९६५ ते दिल्लीच्या संस्थेचे संचालक होते. १९६३ मध्यें नॉर्मन बोरलॉग ह्या देशांत आले, ठेंगण्या मेक्सिकन गव्हाचें बीं आलें, आणि पुढें जी हरितक्रांति झाली, तिची जमीन नांगरून ठेवण्याचें काम ह्याच पिढीनें केलें होतें. १९६५ मध्यें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले; त्या जागीं एक शास्त्रज्ञ बसण्याची ती पहिलीच वेळ. १९७२ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना आपले सभासद करून घेतलें. १९८७ मध्यें पद्मविभूषण. इतकें झालें म्हणजे मोठ्या माणसाचें चरित्र पुरें झालें असें आपण समजतों. मला तें येथें सुरू होतें असें वाटतें.

कारण हा सर्व काळ, नोकरीच्या वेळेबाहेर, हे गृहस्थ गुलाबाची लग्नें लावीत होते.

गुलाब हा शब्द मुळीं फुलाचा नव्हेच. फारसींत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. तेव्हां गुलाब म्हणजे फुलाचें पाणी, अत्तरदाणीशेजारी जें गुलाबदाणींत असतें तें. आपण तें नांव फुलाला दिलें, आणि मग पाण्याला काय म्हणावें हा प्रश्न पडल्यावर गुलाबपाणी असा शब्द केला, त्यांत पाणी दोनदां आलें. माझे विद्यार्थी विचारीत कीं कालिदासाच्या नायिका गुलाब कां माळीत नाहींत. त्यांना शिरीष आहे, कुरबक आहे, नवमालिका आहे, कमळ तर आहेच, गुलाब नाहीं. मागाहूनच्या निघंटूंत शतपत्री आणि तरुणी हीं नांवें सांपडतात आणि वैद्य तीं गुलाबाला लावतात. गुलकंदाला त्यामुळें शास्त्राधार मिळाला आहे. पण काव्यांत हें फूल उशिरांच आलें. आणि जो कुंडींतला टपोरा, लांब देठाचा, वर्षांतून अनेक वेळां फुलणारा गुलाब आज आपण पाहतों, तो तर अगदींच अलीकडचा. चीनमधील वारंवार फुलणारे गुलाब आणि युरोपांतील गुलाब ह्यांच्या संकरांतून तो झाला. ह्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून जें फ्रेंच फूल दाखवितात, तें ‘ला फ्रान्स’, तें १८६७ सालचें.

ह्यांतच अडचणीचें मूळ आहे. हे गुलाब ज्यांनीं निपजविले ते फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड येथील लोक. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली सकाळ. तिकडे गुलाब उन्हाळ्यांत फुलतो आणि हिवाळ्यांत बर्फाखालीं झोपतो. आपल्याकडे तो थंडींत फुलतो आणि वैशाखांत जीव मुठींत धरून राहतो. पॅरिसच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळविलेली जात दिल्लीच्या मार्चमध्यें उमलतां उमलतांच कडेनें करपते. पावसाळ्यांत पानांवर काळे ठिपके पडतात, थंडींत भुरी येते, आणि छाटणीनंतर फांदी टोंकाकडून काळी पडत खालीं वाळत जाते. ह्या शेवटल्या रोगानें किती हौशी माणसांनीं गुलाबाला कायमचा रामराम ठोकला असेल! तरीहि कॅटलॉगांतील चित्र पाहून परदेशी जाति मागविणें हीच आपल्याकडची रीत होती. आपण गुलाब विकत घ्यावयाचा, निपजवावयाचा त्यांनीं.

पाल ह्यांनीं हा क्रम उलटा केला. आपल्या उन्हांत बीं पेरावें, आपल्या उन्हांत जें रोप हंसत उभें राहील तेंच ठेवावें, हा त्यांचा मार्ग. तो सांगावयास सोपा आहे. करावयास किती चिकाटी लागते हें समजावें म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

गुलाबाची कळी उमलण्याच्या बेतांत असतांना तिच्या पाकळ्या हलकेंच काढून टाकावयाच्या. आंत मध्यभागीं स्त्रीकेसरांचा झुबका, भोंवतीं पुंकेसर. पुंकेसर अजून कोवळे आहेत तोंवरच ते चिमट्यानें किंवा बारीक कातरीनें सर्व काढावयाचे. एक जरी राहिला तरी फूल आपल्याच परागानें फळेल आणि सगळा खटाटोप फुकट. मग त्यावर कागदाची पिशवी बांधावयाची, कारण मधमाशीला आपला बेत ठाऊक नसतो. दुसऱ्या दिवशीं स्त्रीकेसर चिकट झाले कीं निवडलेल्या दुसऱ्या जातीचा पराग कुंचल्यानें लावावयाचा, पुन्हा पिशवी बांधावयाची, आणि आईचें नांव, बापाचें नांव व तारीख लिहून चिठ्ठी अडकवावयाची. अनेकदां फळ धरतच नाहीं. धरलें तर बोराएवढें फळ कांहीं महिन्यांनीं पिकतें. त्यांत थोड्या बिया. त्यांतल्या कित्येक रुजत नाहींत. ज्या रुजतात त्यांचीं फुलें, लहान आणि केविलवाणीं कां होईनात, पाहिलीं कीं मनुष्य लगेच प्रेमांत पडतो. आणि येथेंच खरा माळी ओळखूं येतो. शेंकडों रोपांतून एखादें ठेवावयाचें, बाकीचीं उपटून टाकावयाचीं. जें ठेविलें त्याचा डोळा खुंटावर भरून पुन्हा कांहीं वर्षें उन्हापावसांत परीक्षा घ्यावयाची, आणि तीतहि तें नापास झालें तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

चिमटा, पिशवी, चिठ्ठी: गव्हाच्या ओंबीवर हेंच करावें लागतें. दिवसां कचेरींत ज्या विद्येनें त्यांनीं तांबेऱ्याशीं झुंज दिली तीच विद्या, तेच हात, घरच्या वाफ्यांत गुलाबाकडे वळत. आपल्याकडे धंदा व छंद ह्यांमध्यें एक भिंत घालण्याची संवय आहे. डॉक्टरांच्या घरीं ती नव्हती. मात्र ह्या दोन पिकांत एक भेद आहे, आणि त्यावरच माझ्या लेखाचा सारा भर आहे. गहू स्वतःच्याच परागानें फळतो. संकर केल्यावर सहा-सात पिढ्या निवड करीत गेलें म्हणजे जात स्थिर होते, आणि मग तिचा प्रत्येक दाणा आईसारखाच गहू देतो. पोतें भरून पाठवावें, शेतकरी पेरतो, काम झालें. गुलाबाचें बीं असें नाहीं. उत्तम गुलाबाचें बीं पेरलें तर तसाच गुलाब कधींहि येत नाहीं. ज्या एका रोपाची निवड केली, त्याचीच फांदी, त्याचाच डोळा, एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर नेत राहावें लागतें. एका जातीचीं जगांत लाख झाडें असोत, तीं सर्व मिळून खरें म्हणजे एकच झाड होय. आणि ज्या दिवशीं शेवटचा डोळा भरणारा हात थांबेल त्या दिवशीं तें झाड संपलें. गहू बियाण्यानें जगतो, गुलाब माणसाच्या हातानें जगतो.

आतां त्यांच्या कांहीं मानसकन्यांची ओळख करून देतों. १९६२ सालचा ‘रोझ शरबत’ हा माझा सर्वांत आवडता. गडद गुलाबी, आणि वास असा कीं संध्याकाळीं पाणी घालावयास गेलें तर आधीं नाकाला कळतें. त्याची आई ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ नांवाचा जुना सुगंधी लाल गुलाब. ह्या जर्मन नांवाचा अर्थ ‘टेप्लिट्झ गांवाला नमस्कार’ असा आहे. तो १८९७ मध्यें बाहेर आला आणि त्याचा जनक रुडोल्फ गेश्विंड हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यांतला जंगल खात्याचा नोकर होता, गुलाब हा त्याचाहि छंद! युरोपांतल्या एका वनाधिकाऱ्यानें निपजविलेलें झाड हिंदुस्थानांत येऊन येथल्या उन्हाला सरावलें, गुलाबपाण्यासाठीं त्याची शेती होऊं लागली, आणि एका गव्हाच्या शास्त्रज्ञानें त्याचें बीं पेरून त्याला शरबताचें नांव दिलें. गोत्रप्रवर सांगावा अशी ही वंशावळ आहे.

१९६३ ची ‘दिल्ली प्रिन्सेस’ ही झुबक्यांनीं फुलणारी. एकेक फूल मोठें नाहीं, पण सगळें झाड एकाच वेळीं डवरतें. वाफ्यांत रंगाची रास दिसावी असें ज्यांना वाटतें त्यांच्यासाठीं ती. १९६९ ची ‘बंजारन’ हिचें नांवच तिचें वर्णन आहे. आणि १९६८ सालचा शुभ्र ‘डॉ. होमी भाभा’. मुंबईचे होमी भाभा २४ जानेवारी १९६६ रोजीं आल्प्स पर्वतांत मों ब्लांजवळ विमान कोसळून गेले. झाड तोडण्यापेक्षां तें मुळासकट उचलून दुसरीकडे लावावें अशी ज्यांची वृत्ति होती, त्या माणसाच्या आठवणीला दगडी पुतळ्यापेक्षां पांढरें फूल जवळचें वाटलें असावें. एका शास्त्रज्ञानें दुसऱ्याला दिलेली ही तिलांजलि मला फार सात्त्विक वाटते.

नांवांविषयीं आणखी एक. शकुंतलेनें आश्रमांतल्या नवमालिकेचें नांव वनज्योत्स्ना ठेविलें होतें आणि तिला ती बहीण मानीत असे. सासरीं निघतांना तिचा निरोप घ्यावयास ती विसरली नाहीं. झाडाला नांव ठेवणें ही आपल्याकडची मूळचीच रीत. मधल्या काळांत आपल्या बागा मात्र परदेशांतील सरदार, सेनापति आणि नट्या ह्यांच्या नांवांनीं भरून गेल्या. पाल आणि त्यांच्या बरोबरीच्यांनीं ज्या नांवांनीं गुलाब बाहेर आणिले तीं माळणाऱ्या बायकांना तरी उच्चारतां येतात.

१९६६ मध्यें परिषदेनें त्यांचें ‘द रोझ इन इंडिया’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. इंग्रजी पुस्तकें वाचून इंग्लंडच्या महिन्यांप्रमाणें छाटणी करणाऱ्या आपल्या लोकांना आपल्या ऋतूंवर बेतलेलें असें पुस्तक हवेंच होतें. तोच काळ ह्या देशांत गुलाबाच्या भरभराटीचा होता. पंतप्रधान नेहरूंच्या कोटावरचें फूल सर्वांना ठाऊक होतें. राष्ट्रपति झाकीर हुसेन स्वतः गुलाबाचे मोठे षोकी, आणि चंदिगडची मोठी गुलाबबाग १९६७ मध्यें झाली तिला त्यांचेंच नांव मिळालें. दिल्लीस रोझ सोसायटी व बोगनवेल सोसायटी ह्यांच्या स्थापनेंत डॉ. पाल अग्रणी होते. अशा मंडळ्या हौसेनें निघतात आणि अध्यक्षपदाच्या भांडणांत मोडतात, हें आपण गांवोगांव पाहतों. पण ज्या पिढीनें त्या काढल्या तिच्यामुळें कुंडींतला गुलाब साहेबाच्या बंगल्यांतून निघून मध्यमवर्गाच्या गच्चीवर आला, हें नाकारतां येणार नाहीं.

डॉक्टर अविवाहित होते. आपली मालमत्ता त्यांनीं ज्या संस्थेंत जन्म घालविला तिलाच देऊन टाकली. संस्थेंत गुलाबाचें काम त्यांच्यामागें चालू राहिलें. दक्षिणेकडे कोडाईकॅनॉल येथें विरराघवन ह्यांनीं मणिपूरच्या डोंगरांतला रानगुलाब आणि बंगाल-बिहारच्या पाणथळींतला रानगुलाब ह्यांना हाताशीं धरून आपल्या हवेला सोसतील असे गुलाब करण्याचा प्रयत्न चालविला, तोहि ह्याच मार्गावरचा. स्वतः पाल ह्यांचें नांव लाविलेला गुलाबहि आहे.

परंतु १९५४ चा तो गहू आज शेतांत शोधूं गेलें तर मिळणार नाहीं. ठेंगण्या जाति आल्यावर उंच गव्हांची सद्दी संपली. त्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. धान्याच्या जातीनें आपलें काम करून पुढच्या जातीला वाट द्यावी हेंच तिचें सार्थक, आणि तिचें बीं कोठेंतरी सरकारी कोठारांत जपलेलें असतें. गुलाबाचें तसें नव्हे. त्याला कोठार नाहीं. त्याचें कोठार म्हणजे तुमचें माझें अंगण. गेल्या कांहीं वर्षांत मीं जेवढ्या रोपवाटिका पाहिल्या त्यांतल्या बहुतेकींत गुलाबाचें नांव विचारलें कीं ‘लाल’, ‘पिवळा’, ‘डबल रंग’ असें उत्तर मिळतें. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें जानेवारींत पुष्पप्रदर्शन भरतें, तेथें चिठ्ठीवर नांव वाचावयास मिळतें; पण घरीं आणलेल्या रोपाची चिठ्ठी पहिल्या पावसांत गळते आणि पुढच्या पिढीला आजीचा गुलाब एवढेंच त्याचें नांव उरतें. नांव गेलें कीं कोणी मागत नाहीं, मागितलें नाहीं कीं कोणी डोळा भरीत नाहीं. जनकाच्या पश्चात् गुलाबाचा मृत्यु होतो तो असा, गाजावाजा न होतां.

दुसरा एक मृत्यु आपल्या डोळ्यांदेखत होतो आणि आपल्याला कळत नाहीं. पुष्कळ घरांतून ऐकूं येतें कीं, ‘आमचा गुलाब पालटला, पूर्वीं टपोरीं फुलें येत, आतां नुसता वाढतो आणि बारीक फुलांचे झुबके येतात.’ गुलाब पालटत नाहीं. आपला गुलाब खुंटावर बांधलेला असतो. खुंट रानटी आणि दांडगा. जोडाच्या खालून खुंटाला फुटवा आला आणि तो वेळीं काढला नाहीं, तर वरचा गुलाब उपाशी पडून मरतो आणि घरच्यांना वाटतें झाड जोमांत आलें. तेव्हां जोडाखालचा फुटवा दिसला कीं तो जमिनीलगत कापूं नये. माती उकरून, जेथून निघाला असेल तेथून ओढून काढावा. कापला तर दुप्पट येतो.

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं गेल्या थंडींत डोळे भरावयास शिकण्याचा निश्चय केला. त्यांच्या माहेरीं ‘रोझ शरबता’चें एक जुनें झाड आहे, खोडाला गांठी पडल्या आहेत आणि वरचेवर एखादी फांदी वाळते. तें गेलें तर तो गुलाब पुन्हा कोठून आणावा हा प्रश्न होता. सहा खुंटांवर त्यांनीं डोळे भरले, दोन जगले. सहांत दोन म्हणजे नवशिकीच्या मानानें चांगलें, असें मला जाणकारांनीं सांगितलें. घरांतल्या लहान मुलांना मात्र चार मेले ह्याचेंच वाईट वाटलें.

ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं रीत देतों. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, रसरशीत खुंट घ्यावा. थंडींत, साल सहज सुटत असेल तेव्हां. जमिनीपासून चार-सहा बोटांवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद सालीपुरताच द्यावा, लांकडाला लागूं देऊं नये. ज्या फांदीचें फूल नुकतेंच गळून गेलें असेल तिच्या मधल्या भागांतला फुगीर डोळा, वरखालीं थोडी साल ठेवून, धारदार सुरीनें एका झटक्यांत उचलावा आणि त्याची ओल जाण्याआधीं छेदांत सरकवावा. प्लास्टिकच्या पट्टीनें वरखालीं घट्ट बांधावें. डोळा तेवढा उघडा ठेवावा. डोळ्याखालचें पानाचें देंठ राखलेलें असलें तर परीक्षा सोपी: दहा-पंधरा दिवसांनीं तें देंठ पिवळें होऊन बोट लावतांच गळून पडलें तर डोळा जगला, वाळून चिकटून राहिलें तर मेला. डोळा हिरवा राहून फुगूं लागला कीं खुंटाचा शेंडा बेतानें छाटावा. कोंवळ्या फुटीची पहिली कळी मोह आवरून खुडून टाकावी.

आणि चिठ्ठी. कागदाची लावूं नये, शाईनें लिहूं नये. जस्ताची जुनी पट्टी मिळाली तर उत्तम, नाहीं तर पत्र्याच्या डब्याची कापून घ्यावी. भोंक पाडून तांब्याच्या तारेनें झाडाशेजारी काठीला बांधावी, झाडाला नव्हे, कारण खोड वाढलें कीं तार आंत रुतते. तीवर गुलाबाचें नांव, ज्यानें निपजविला त्याचें नांव आणि साल, हें साध्या पेन्सिलीनें लिहावें. जस्तावरची पेन्सिल पावसानें जात नाहीं.